दाबोळीचे पांढरे वाघ

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



दाबोळीच्या लढाऊ विमानांचा गडगडाट आपल्या कानांना सरावाचा झाला आहे. त्यामागील इतिहास मात्र तितकासा परिचयाचा नाही. म्हणून भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या विमान तुकडीविषयी, म्हणजेच ‘व्हाइट टायगर्स’विषयी, आज चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

ही तुकडी ७ जुलै १९६० रोजी वेल्समधील ब्रॉडी येथे स्थापन झाली. तिची विमाने ‘सी हॉक’ जातीची होती. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिले जेट विमान उतरविले, हेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ मध्ये ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा विमानतळ दाबोळीस आला आणि तुकडीचे आपल्या भूमीशी नाते जडले.

विमानवाहू नौकेवर उतरणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. खाली हेलकावणारी चिंचोळी धावपट्टी. विमानाच्या शेपटाखालचा आकडा आडव्या ताणलेल्या तारेत अडकला तरच विमान थांबणार, न अडकला तर तत्क्षणी पुन्हा झेप घ्यावी लागणार. उड्डाणासाठी वाफेवर चालणारे कॅटापुल्ट विमानास पुढे भिरकावते. त्यासाठी समोरून पुरेसा वारा हवा. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला भेगा पडलेल्या होत्या, त्यामुळे वेगावर बंधन होते. तरीही ४ डिसेंबरपासून सी हॉक विमानांनी कॉक्स बझार, चितगाव येथील तळांवर हल्ले चढविले. १९६५ च्या युद्धात नौका दुरुस्तीसाठी गोदीत होती. त्या वेळी हुकलेली संधी या तुकडीने अशी सार्थकी लावली. तिचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र लाभले.

डिसेंबर १९८३ मध्ये अरुण प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली ‘सी हॅरियर’ विमाने दाबोळीस आली. हे विमान हवेत स्थिर होऊन सरळ खाली उतरे. तारेची गरजच संपली. परंतु त्याचे चालन अत्यंत अवघड. पुढील तीन दशकांत निम्म्याहून अधिक विमाने अपघातांत गमावली, काही वैमानिकांनी प्राण वेचले. या तुकडीचा गौरव गाताना त्यांचे स्मरण टाळता येणार नाही.

११ मे २०१६ रोजी दाबोळीसच सी हॅरियरला निरोप देण्यात आला आणि तुकडीस ‘मिग-२९के’ विमाने मिळाली. हे विमान ‘विक्रमादित्य’च्या उंचावलेल्या टोकावरून उडते, पण उतरते तारेच्या आधारानेच. सी हॉकच्या वैमानिकांची ती जुनी विद्या तुकडीस नव्याने हस्तगत करावी लागली.

येथेच या इतिहासाचे मर्म आहे. विमाने भंगारात निघतात, नौका मोडीत काढल्या जातात. १९६१ ची ‘विक्रांत’देखील २०१४ मध्ये मोडीसाठी गेली. क्रमांक टिकतो तो एका पिढीने दुसरीस दिलेल्या ज्ञानामुळे. हे ज्ञान केवळ वैमानिकांचे नसते; खाऱ्या हवेत यंत्रे निर्दोष राखणाऱ्या तंत्रज्ञांचे, डेकवर खुणा करणाऱ्या खलाशांचेही असते. त्यांची नावे पदकांच्या यादीत क्वचितच आढळतात.

त्यांपैकी जे आज आपल्या आसपास निवृत्तीचे जीवन जगत असतील, त्यांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहून घ्याव्यात आणि या ग्रंथालयाने त्या जतन कराव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.