गूळ घातला म्हणून मोजायचं सोडायचं?

बंगळुरूहून तुमच्याशी बोलतेय. नेहमीचा पदार्थ 'हेल्दी' करायला जावं आणि तो बिघडावा, असं का होतं, यावर आज थोडं बोलू.

या शहराला असे प्रयोग नवे नाहीत. लालबागजवळचं एमटीआर, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स, १९२४ पासूनचं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा रवा इडली तिथे जन्मली असं सांगतात. आता गंमत बघा. रवा इडलीत नुसता तांदूळ काढून रवा घातलेला नाही. तांदळाची इडली वाटून, रात्रभर आंबवून होते. रवा इडलीला रवा भाजून घेतात, दही घालतात, फुगायला सोडा घालतात. जिन्नस बदलला, तशी रीतही बदलली. म्हणून ती टिकली.

आता आमच्या घरातला प्रयोग ऐका. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, मधुमेह आहे. होळीला त्यांनाही पुरणपोळी मिळावी म्हणून माझ्या नवऱ्याने एक व्हिडिओ पाहिला आणि कंबर कसली. कणीक नको, सगळी नाचणी. आमच्या पुरणात निम्मी साखर असते, तीही नको, सगळा गूळ. उंडा भरला की कडेने फाटायचा. कसाबसा मिटवून लाटला, तर पुरण पोळपाटावर. तव्यावर तर नुसते तुकडे. शेवटी त्याने ते सगळं वाटीत कुस्करलं, वर तूप-दूध घातलं आणि "हा पुरणपोळीचा काला" म्हणून वाढलं. आम्ही पोट धरून हसलो.

बाबा एरवी सणाला एकच पोळी घेतात. त्या दिवशी तीन वाट्या झाल्या. "नाचणी आहे, गूळ आहे, मला काय होतंय?" दोन तासांनी त्यांना गरगरायला लागलं. यंत्रावर साखर ३१८. हसणं कुठल्या कुठे गेलं. डॉक्टरांना फोन, दर थोड्या वेळाने तपासणी, रात्रभर जागरण. सकाळपर्यंत आकडा उतरला.

पोळी का फाटली, ते सोपं आहे. गव्हात ग्लुटेन असतं. कणीक मळली, तिंबली की त्याचं जाळं तयार होतं, म्हणून ती पुरण पोटात घेऊन पातळ लाटली जाते. नाचणीत ग्लुटेन नाही. तिला बांधून ठेवायचं तर उकळत्या पाण्याने तिच्यातलं पिष्ट शिजवावं लागतं. इथली रागी मुद्दे तशीच होते: उकळत्या पाण्यात पीठ घालून लाकडी दांड्याने घोटतात. आपल्याकडे कोकणात नाचणीच्या भाकरीला उकड काढतात, तीही याचसाठी. दोन प्रांत, दोन पदार्थ, पण शहाणपण एकच.

बाबांची साखर का वाढली, तेही कोडं नाही. शंभर ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी, तर तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. गुळात थोडी खनिजं असतात, पण तोही मुख्यतः साखरच. मधुमेहाला तो साखरेइतकाच मोजायचा. नाचणी गुणाची आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे गव्हाच्या कितीतरी पट. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं आहेत. हाडांना चांगली म्हणून ती साखर वाढवत नाही, असं होत नाही.

आणि एक गोष्ट. पोळीला आकार होता, म्हणून 'एक' मोजता येत होती. काला झाला आणि माप गेलं. त्यातून 'हेल्दी' म्हटल्यावर कुणी हातही धरला नाही. साध्या पोळीला आम्ही सगळ्यांनी बाबांना टोकलं असतं.

आता आमच्याकडे नाचणीची भाकरी आठवड्यातून तीनदा होते, गरम पाण्यात उकड काढून. सणाची पोळी कणकेचीच, पण पुरीएवढी. बाबांना एक, आणि त्या जेवणात भात नाही. हे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलंय. तुमच्या घरचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रयोग जरूर करा. फक्त जिन्नस बदलण्याआधी दोन प्रश्न विचारा. याची स्वतःची रीत काय? आणि ज्याच्यासाठी करतोय, त्याने किती खायचं? दुसऱ्याचं उत्तर ताट वाढण्याआधी ठरलेलं बरं, कारण एकदा वाढल्यावर आपल्या घरात "अजून थोडं घ्या" म्हणणारेच जास्त असतात.