नकाशा सगळ्यांकडे एकच हवा



आज नकाशाबद्दल बोलायचंय. "नकाशा म्हणजे तलाठ्याचं काम, आमचा काय संबंध?" असं म्हणू नका. पाणी कुठून आणावं लागतं, गटार कुठवर आलंय, कुठल्या घराला संडास नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असतं? प्रश्न एवढाच की, आपल्याला ठाऊक असलेलं ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतं का, आणि पोचलं तर तिथे उघडतं का.

आमच्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. शहराच्या नकाशावर रस्ते, बंगले, बागा सगळं असायचं. झोपडपट्टीच्या जागी मात्र नुसती कोरी जागा किंवा एक रंगवलेला चौकोन. आत किती घरं, किती गल्ल्या, काही नाही. वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांच्या 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेने हे काम हाती घेतलं. २००० सालच्या सुमारास पुणे महापालिकेसाठी त्यांनी वस्त्यांची पाहणी केली. वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन घरोघरची माहिती गोळा केली आणि ती कॉम्प्युटरवरच्या नकाशाला जोडली.

पुढे हीच पद्धत त्यांच्या 'एक घर, एक शौचालय' या कामात वापरली गेली. कुठल्या घरात संडास नाही आणि ड्रेनेजची लाइन कुठवर आहे, या दोन गोष्टी एकाच नकाशावर आल्या की लगेच दिसतं, या गल्लीत आज संडास होऊ शकतो, त्या गल्लीत आधी लाइन टाकावी लागेल. संस्था सामान देते आणि कुटुंब बांधून घेतं. अंधार पडायची वाट बघणाऱ्या बाईसाठी तो नकाशा म्हणजे नुसता कागद नव्हे.

पण यात एक मेख आहे. घरांची माहिती एकाकडे, ड्रेनेजची दुसऱ्याकडे. दोन्ही एकावर एक ठेवता आल्या तरच उपयोग. आणि इथेच गाडी अडते. माझीच फजिती सांगते. एका गल्लीतल्या घरांची यादी मी एका ऑफिसला पाठवली होती. माझ्या कॉम्प्युटरवर अगदी छान दिसायची. तिकडे उघडली तर नुसती वेडीवाकडी अक्षरं! मी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं आणि तो फॉन्ट त्यांच्याकडे नव्हता. बैठक झाली, त्या गल्लीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्या गल्लीतल्या बायकांना काय तोंड दाखवायचं, असं झालं मला.

तेव्हापासून मी काही गोष्टी गाठीशी बांधल्या आहेत. तुम्हीही बांधा.

पहिली गोष्ट, मराठी नेहमी युनिकोडमध्ये लिहा. फोनवर आपण जे मराठी टाइप करतो ते युनिकोडच असतं. ते कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर तसंच दिसतं.

दुसरी, जागेचे आकडे. गूगल मॅप्समध्ये जागेवर बोट दाबून धरलं की दोन आकडे मिळतात, अक्षांश आणि रेखांश. पुण्याचे साधारण १८.५२ आणि ७३.८५. आधी अक्षांश, मग रेखांश, हा क्रम यादीच्या डोक्यावर लिहून ठेवा. उलटे लिहिले तर पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन पडतं! आणि टिंबानंतरचे पाच आकडे तरी लिहा. दोनच लिहिले तर किलोमीटरभराचा फरक पडू शकतो, म्हणजे आपला हापसा शेजारच्या वाडीत जायचा.

तिसरी, फोटो. नकाशाचा नुसता फोटो पाठवला तर तो बघता येतो, पण त्यावर दुसरी माहिती बसवता येत नाही. विहिरीचा फोटो काढताना कॅमेऱ्यातलं लोकेशन चालू असेल तर जागेची नोंद फोटोतच असते. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती नोंद गळून जाते. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

चौथी, फाइल. कॉम्प्युटरवर नकाशा करणारे बरेचदा 'शेपफाइल' वापरतात. नाव एक, पण प्रत्यक्षात निदान तीन फाइली. चुलीच्या तीन दगडांसारखं, एक काढला की भांडं बसत नाही. म्हणून सगळ्या फाइली एकत्र बांधून, झिप करून मागा आणि पाठवा. फोनवर बघायचं असेल तर 'केएमएल' फाइल मागा. ती एकच असते आणि गूगल अर्थमध्ये उघडते.

मुळशी-भोरच्या डोंगरातल्या मैत्रिणी म्हणतील, "ताई, आमच्याकडे रेंजच नाही." हरकत नाही. फोनला जागा कळते ती उपग्रहावरून, त्याला इंटरनेट लागत नाही. रेंजमध्ये असताना नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, डोंगरात नोंदी करा आणि बाजाराच्या दिवशी पाठवा. पेनड्राइव्हनेही काम होतं.

शेवटच्या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. फाइलच्या नावात तारीख आणि कुणी मोजलं ते लिहा. मूळ प्रत एकीकडेच ठेवा आणि बदल तिनेच करावा. नाहीतर पाच जणींकडे पाच नकाशे होतात, आणि ऑफिसात विचारतात, "यातला खरा कोणता?" त्या प्रश्नापुढे आपली सगळी पायपीट वाया जाते.

दुसरं, सगळंच वाटायचं नसतं. विहीर, हापसा, गटार, अंगणवाडी, रस्त्यावरचा बंद दिवा हे खुशाल सगळ्यांना द्या. पण कुठल्या घरात बाई एकटी राहते, कुणावर कर्ज आहे, कुणाला काय आजार आहे, हे नकाशावर घालू नका. आज फाइल ओळखीच्या माणसाकडे गेली, उद्या ती कुठे जाईल सांगता येत नाही. घराला नुसता नंबर द्या. नावांची वही गटाच्या कपाटात राहू द्या.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. गावातले सगळे पाणवठे, चालू आणि बंद, यांची यादी करा. आकडे लिहा, तारीख घाला. मग ती दोन वेगळ्या फोनवर आणि ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. तिन्हीकडे सारखी दिसली तरच पुढे पाठवा. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल तेव्हा "आमच्याकडे पाणी नाही" एवढंच न म्हणता, नेमकं कुठे नाही ते बोट ठेवून दाखवता येईल.