शब्द ढळला की कायदा ढळतो



राजाज्ञेचा लेख कसा असावा, याचे विवेचन कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त केले आहे. लेखाच्या गुणांत त्याने ‘स्पष्टत्व’ गणले. दोषांत ‘व्याघात’, म्हणजे आधीच्या विधानाला पुढच्याने छेद देणे. या दोन शब्दांचे मोल अमेरिकेतील एका वादाने दाखवून दिले. वाद होता बंदुकीला जोडायच्या एका साध्या साधनाचा.

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगास येथे एका माथेफिरूने हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून संगीत महोत्सवाच्या गर्दीवर हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. मृतांची संख्या पुढे ६० झाली. त्याच्या अनेक रायफलींना ‘बंप स्टॉक’ बसवलेले होते. हे साधन बंदुकीच्या नेहमीच्या दस्त्याच्या जागी बसते. गोळी सुटताच धक्क्याने बंदूक मागे सरकते, पुढच्या हाताच्या दाबाने पुन्हा पुढे येते आणि स्थिर बोटावर चाप पुनःपुन्हा आपटत राहतो. परिणामी एकेक गोळी झाडणारी रायफल मशीनगनच्या वेगाजवळ पोहोचते.

मग तिला मशीनगन म्हणायचे काय? अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यानुसार चापाच्या ‘एकाच क्रियेने’ आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडते, ती मशीनगन. या व्याख्येत बंप स्टॉक बसत नाही, असे तेथील शस्त्रनियंत्रण खात्याने २०१० मध्ये सांगितले. लोकांनी ते उघडपणे विकत घेतले. हत्याकांडानंतर लोकक्षोभ उसळला आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्याच खात्याने नियम काढून तेच साधन मशीनगन ठरवले. कायद्यातील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलला होता तो केवळ अर्थ. मार्च २०१९ पासून साधन नष्ट करा वा जमा करा, अन्यथा १० वर्षांपर्यंत कारावास, अशी स्थिती आली. अशी साधने २,८०,००० ते ५,२०,००० असावीत, असा सरकारचाच अंदाज होता. काल अनुमत असलेली वस्तू आज अपराध ठरली. कौटिल्याचा ‘व्याघात’ तो हाच.

टेक्सासमधील एका बंदूकविक्रेत्याने आपली साधने जमा केली आणि न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयांत परस्परविरोधी निकाल लागले. अखेर १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नियम रद्द केला. प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने मागे-पुढे होतो, म्हणून ही ‘एक क्रिया’ नव्हे, असे बहुमत म्हणाले. बंदूक चालवणाऱ्याच्या दृष्टीने एकदा चाप ओढल्यावर मारा अखंड चालतो, असे अल्पमताचे म्हणणे. दोन्ही बाजू विचारणीय आहेत. परंतु बहुमतातील न्यायमूर्ती अलिटो यांनी उपायही सांगितला: संसदेने कायदा दुरुस्त करावा. त्यानंतर काही दिवसांतच सिनेटमध्ये झालेला तसा प्रयत्न मात्र विरोधामुळे अडला.

ज्या राज्यात हत्याकांड घडले, त्या नेवाडाने २०१९ मध्ये आपल्या विधिमंडळात कायदा करून बंदी घातली होती. केंद्रीय नियम कोसळला, तरी त्या बंदीला या निकालाने धक्का लागला नाही. राजमार्ग लांबचा वाटला तरी पोहोचवतो. आडवाट मध्येच सोडून देते.

आता आपल्या देशाकडे पाहू. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने बंदुकीचा आवाज वा ज्वाला कमी करणाऱ्या जोडसाधनांना ‘अग्निशस्त्रा’च्या व्याख्येतच घेतले आहे. चापावर दाब असेपर्यंत गोळ्या सुटत राहतील असे शस्त्र ‘निषिद्ध’ आहे. शिवाय अन्य शस्त्रे राजपत्रातील अधिसूचनेने निषिद्ध ठरवण्याचा अधिकार संसदेने केंद्र सरकारला स्पष्ट शब्दांत दिला आहे. अमेरिकेत खात्याने व्याख्या ताणली. येथे अधिकाराचा उगम कायद्यातच आहे. तथापि, कारागिराची कल्पकता कायद्याच्या पुढे धावते. चाप क्षणभर सुटून पुन्हा दाबला जातो, अशा साधनाला ‘दाब असेपर्यंत’ ही शब्दरचना लागू पडते का, हा प्रश्न येथेही उद्भवू शकतो. त्याचे उत्तर दुर्घटनेनंतर शोधण्यापेक्षा आधी लिहून ठेवणे हिताचे.

दंडशक्ती कठोर असावी, यात दुमत नाही. पण कोणत्या कृत्याला दंड आहे, हे नागरिकाला आधी कळले पाहिजे. तेवढे स्पष्टत्व नसेल, तर निरपराध्याची झोप उडते आणि अपराध्याला पळवाट सापडते. म्हणून विधेयक येते तेव्हा केवळ त्याचे नाव वाचून समाधान मानू नये. त्यातील व्याख्यांचे कलम वाचावे आणि आपल्या लोकप्रतिनिधीला त्याविषयी विचारावे. जागृत समाजाचे हेही एक नित्यकर्तव्य आहे.