चेहरा शेवटी

(कोल्हापुरातील उन्हाळी व्याख्यानमालेत ‘व्यक्तिचित्र : रेषेपासून रंगापर्यंत’ या विषयावर दिलेले व्याख्यान)



व्यक्तिचित्रावर बोलायचं म्हणजे परंपरेपासून सुरुवात करायची रीत आहे. पण अबालाल रहिमान कोण होते, बाबूराव पेंटरांनी कुंचला आणि कॅमेरा दोन्ही कसे चालवले, हे बाहेरच्या माणसानं कोल्हापूरकरांना सांगायचं, म्हणजे रंकाळ्यावर येऊन भेळ कशी खावी ते शिकवणं. (हशा) ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो आणि मुद्द्यावर येतो.

मुद्दा एकच. व्यक्तिचित्र शिकायचं असेल, तर चेहरा सर्वांत शेवटी काढा.

आपले वडील रस्त्याच्या टोकाला दिसले, की नाकडोळे दिसायच्या आधीच आपण त्यांना ओळखतो. एक खांदा उतरलेला असतो, पिशवी ठरलेल्या हातात असते, पाऊल टाकायची एक ढब असते. माणूस त्या ढबीत असतो, आणि ती पकडायला शिकवते स्केचबुक.

वही झोळीत मावेल एवढीच घ्या आणि एसटी स्टँडवर जाऊन बसा. समोरचा माणूस दोन मिनिटांत उठून जाणार हे गृहीत धरा. तो एका पायावर भार टाकून उभा असेल, तर त्याच्या गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा सोडा. तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. त्या बाजूची कंबर वर उचललेली असते आणि बहुतेक वेळा खांदा त्याच बाजूला उतरलेला असतो. या दोन तिरक्या रेघा कागदावर आल्या, की माणूस उभा राहिला. नाकाची अजून गरजही पडलेली नाही.

एक प्रसंग थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांना घेऊन इथल्याच मार्केट यार्डात गेलो होतो. एका मुलानं पोतं वाहणाऱ्या हमालाचं चित्र केलं. मिशा, कपाळावरच्या आठ्या, मुंडाशाचा एकेक पीळ, सगळं नेटकं. मुलं ‘वा, वा’ करत होती. ज्यांचं चित्र होतं ते तात्या आले, वही लांब धरून पाहिली आणि म्हणाले, “मुंडासं झ्याक काढलंस. पर पोरा, ह्यात पोतं दिसतंय, वजन कुठं हाय?” (हशा, टाळ्या)

थांबा, पुढं ऐका. तात्यांनी एक अर्धं भरलेलं पोतं उचललं आणि मुलाच्या पाठीवर ठेवलं. “चाल,” म्हणाले. मुलगा चालला. गुडघे आपोआप वाकले, पावलं आखूड झाली, मान पुढे गेली आणि रस्ता दिसावा म्हणून हनुवटी वर आली. दहा पावलांनंतर तात्यांनी पोतं उतरवून घेतलं आणि स्वतःच्या पाठीवर टाकलं. “आता काढ.” मुलानं काही मिनिटांत दुसरं चित्र केलं. त्यात नुसती पाठ, पाय आणि पोत्याला धरलेला हात होता. चेहरा त्या हाताआड गेला होता. बाजूचे हमाल जमले आणि एकजण ओरडला, “आरं, ह्यो तर आपला तात्या!” चेहरा नसताना माणूस ओळखला गेला. यापेक्षा वेगळा पुरावा मी कुठून आणू? (टाळ्या)

तरीही ज्यांना ग्रंथातला दाखला हवा, त्यांनी कोल्हापुरात वाढलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांकडे जावं. ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या १९१२ च्या पुस्तकातली किंवा ‘विमेन ऑफ इंडिया’मधली त्यांची चित्रं पाहा. लोक त्यांतले पोशाख बघतात. तुम्ही लुगड्याच्या नेसणीबरोबर उभं राहण्याचा तोल कसा बदलतो ते बघा. धुरंधर जिथे शिकले आणि शिकवत राहिले, त्या जे. जे. स्कूलमध्ये बराच काळ भर होता तो प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटण्यावर. १९१९ नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत जिवंत मॉडेलचा लाइफ क्लास रुजला. फरक मोठा आहे. पुतळा थकत नाही. माणूस थकतो, आणि थकला की दिलेली पोझ सोडून स्वतःच्या सवयीनं बसू लागतो. तो क्षण साधायचा असतो.

समोरच्या रांगेतल्या काही चित्रकार मित्रांच्या भुवया वर गेल्या आहेत. फोटोवरून व्यक्तिचित्रं करणाऱ्यांच्या पोटावर मी पाय आणत नाही. दिवंगत आईचं चित्र फोटोवरूनच करावं लागतं. पण तो फोटो वाचायला डोळा तयार लागतो, आणि तो जिवंत माणसांसमोरच तयार होतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरली आहेत म्हणे. म्हणजे रंगाचा सगळा भाग एकाच चित्रावर आटोपतो. सावळाराम हळदणकरांचं मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं दिवा धरलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र तुम्ही निदान छापील तरी पाहिलं असेल. अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात. त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती. सगळे तिच्या चेहऱ्यावरचा उजेड बघतात. मी म्हणतो, ज्योतीआड धरलेला हात बघा, बोटांतून झिरपणारा तांबूस रंग बघा. तो हात झाकला, तर चेहरा देखणाच राहील. पण ही बाई ज्योत जपते आहे, हे कळणार नाही.

चेहऱ्याबद्दल दोनच गोष्टी. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात; नवशिका ते वर नेतो, कारण केसांखालचं डोकं तो हिशेबात धरत नाही. आणि रंगवताना डोळे बारीक करून सावलीचा मोठा आकार आधी ठेवा, पापण्या मागाहून.

सभागृहात कलाशिक्षक आहेत, त्यांना कळकळीनं विनवतो. ग्रेड परीक्षेच्या स्मरणचित्रासाठी ‘भाजीबाजार’ पाठ करून घेऊ नका. मुलांना खऱ्या बाजारात न्या. भाजीवाली तराजू उचलताना दुसरा हात कुठे टेकवते, हे त्यांना स्वतः पाहू द्या. जे कधी पाहिलंच नाही, त्याचं स्मरण कसं व्हायचं?

आणि तुम्ही बाकीचे, उद्यापासून इथे वही घेऊन या. पावणेदोन तास एका जागी बसणारी एवढी माणसं तुम्हाला फुकट दुसरीकडे मिळायची नाहीत. (हशा) पुढच्या वक्त्यांची परवानगी मी आजच मागून ठेवतो. मागच्या रांगेपासून सुरुवात करा. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. (टाळ्या)