वाळवंटांतील पंगत

समुद्रकिनाऱ्यावरील सुट्टी म्हटली कीं मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढें जुहूची भेळ, शहाळ्याचें पाणी, किंवा कोंकणांतल्या एखाद्या घरगुती खाणावळींतले तळलेले बांगडे आणि सोलकढी उभीं राहतात. किनारा, मित्रमंडळी आणि खाणें हीं तीन इतकीं एकजीव झालेलीं आहेत कीं, त्यांतलें एक वगळलें तर उरलेलीं दोन अळणी वाटावीं. पण ज्या मुलखाच्या वांट्याला समुद्रच आला नाहीं, तेथल्या लोकांनीं काय करावें? खानदेशानें या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वींच शोधून ठेवलें आहे. तें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें थंडीच्या दिवसांत जळगांवच्या पूर्वेस सुमारें दहा किलोमीटरांवर असलेल्या नशिराबादच्या शिवाराकडे वळावें.

नशिराबाद हें जळगांवहून भुसावळकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचें जुनें गांव. त्याच्या पूर्वेकडून वाघूर नदी उत्तरेस जाते. अजिंठ्याचीं जगप्रसिद्ध लेणीं ज्या नालाच्या आकाराच्या दरींत कोरलीं आहेत, ती दरी याच वाघुरेची. डोंगर सोडून ती मैदानांत उतरते आणि पुढें तापीला मिळते. तापी मुलताईस उगम पावून, ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून, सुरतेच्या पलीकडे डुमसजवळ अरबी समुद्रांत शिरते. म्हणजे नशिराबादच्या माणसानें समुद्र पाहिलेला असो वा नसो, त्याच्या शिवारांतलें पाणी मात्र दर पावसाळ्यांत समुद्राचीच वाट धरतें.

मराठींत नदीकांठच्या वाळूला वाळवंट म्हणतात. पंढरपुरास चंद्रभागेचें वाळवंट संतांच्या मेळ्यानें पावन झालें. खानदेशांतल्या वाळवंटांना असा मान मिळाला नाहीं. तेथें भजन नाहीं, भोजन आहे. पावसाळ्याचा पूर ओसरला, पाणी एका अंगाला सरलें, कीं स्वच्छ वाळूचा पट्टा उघडा पडतो. दिवसा ऊन कोंवळें असतें आणि कांठावरच्या शेतांत तुरी, कपाशी उभ्या असतात. चार मित्र जमावयास याहून अधिक निमित्त लागत नाहीं. शेताच्या बांधावर किंवा नदीच्या वाळूंत, ज्याला जी जागा सोईची असेल तेथें, भरताचा बेत ठरतो.

वांग्याचें भरीत महाराष्ट्रांत सगळीकडे होतें. परंतु खानदेशी माणसाला तें सांगूं नये. त्याचें वांगें निराळें. तें आकारानें मोठें, फिकट हिरवें, अंगावर पांढरट छटा असलेलें आणि बीं कमी असलेलें. यावल तालुक्यांतील बामणोद आणि जळगांवजवळील आसोदें या गांवांचीं नांवें वांग्यांबरोबर घेतलीं जातात. बहिणाबाई चौधरी यांचें जन्मगांव तें हेंच आसोदें. जळगांवच्या या भरताच्या वांग्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. घरोघर त्याच्या आगमनाला धर्माचीहि अनुज्ञा असते. चातुर्मासांत कित्येक घरीं वांगें आणि कांदा वर्ज्य असतो. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखविला कीं बंदी उठते. देवाचें झालें म्हणजे मित्रांची पाळी.

या पंगतीचा पहिला नियम असा कीं, तींत कोणी यजमान नाहीं आणि कोणी पाहुणाहि नाहीं. जो आला त्याला काम आहे. एक जण वांग्यांना काडीनें टोंचे मारतो, कारण आंतली वाफ कोंडली तर वांगें विस्तवावर फुटतें. दुसरा तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काट्यांचा जाळ करतो. हा जाळ क्षणांत भडकतो आणि क्षणांत ओसरतो, म्हणून त्याच्यापाशीं बसणाऱ्याला डोळ्यांतलें पाणी पुसावयासहि सवड मिळत नाहीं. वांगीं थेट जाळावर टाकावयाचीं. साल काळीठिक्कर होऊन आंतला गर मऊ होईपर्यंत तीं फिरवावयाचीं. निखाऱ्यावर सावकाश भाजलें कीं वांगें शिजतें. पण काट्यांच्या जाळावर त्याला जो धुराचा वास लागतो, तो शहरांतल्या गॅसच्या शेगडीवर कोणत्याहि युक्तीनें येत नाहीं.

साल सोलून गर लांकडी बडगींत घातला जातो. बडगी म्हणजे लांकूड कोरून केलेलें पसरट पात्र. तींत भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ घालून तो लांकडी दांड्यानें ठेंचावयाचा. हें काम मनगटाचें आहे. एक दमला कीं दुसरा दांडा हातीं घेतो, आणि दमलेल्याची थट्टा करण्याचा अधिकार उरलेल्यांना आपोआप प्राप्त होतो. मग हिरवी कांद्याची पात, कोथिंबीर आणि शेंगदाणे. येथें मंडळींत हटकून दोन पक्ष पडतात. एका पक्षाला भरीत असेंच, कच्चें हवें असतें. दुसऱ्याला तेलाच्या चरचरीत फोडणीवांचून तें भरीतच वाटत नाहीं. वर्षानुवर्षें चाललेला हा वाद मिटत नाहीं, आणि मिटावा अशी कोणाची इच्छाहि नसते. दोन्ही प्रकार होतात आणि दोन्ही पक्ष दोन्ही प्रकार खातात.

भरताबरोबर कळण्याची पुरी किंवा भाकरी. ज्वारी आणि सालासकट उडीद मीठ घालून एकत्र दळले म्हणजे कळण्याचें पीठ होतें. पुरी काळसर दिसते. पाहणाऱ्याला ती फारशी मोहवीत नाहीं. परंतु भरताच्या मऊ, तिखट, धुरकट घांसाला तिचाच खरपूस खारटपणा आधार देतो. केळींच्या या जिल्ह्यांत पान शोधावयास लांब जावें लागत नाहीं. केळीच्या पानावर भरीत, पुरी, मुळ्याच्या फोडी आणि कांदा एवढें वाढलें कीं पंगत बसते. जाळापाशीं ज्याचे डोळे चुरचुरले त्याला पहिला घांस, असा अलिखित संकेत आहे.

या आनंदाची एक बाजू मात्र उजेडांत आणली पाहिजे. पुरुषांनीं स्वयंपाक केल्याचें कौतुक वाळवंटांत पुष्कळ होतें. पण कळणा निवडून, दळून, पुष्कळदां पुऱ्या तळूनहि डब्यांत भरून देणारे हात घरींच राहिलेले असतात. मित्रांच्या सहलीला मित्र म्हणून स्त्रिया बोलावल्या जाव्यात, ही कल्पना फार काळ कोणाला सुचली नाहीं. अलीकडे शेतांतल्या भरताला सबंध कुटुंबें जातात, मैत्रिणींचे मेळेहि स्वतंत्रपणें जमतात, आणि बडगीचा दांडा बायकांच्याहि हातीं दिसतो. पंगतींत यजमान नाहीं हा नियम तेव्हां कोठें खरा होतो.

पण पंगत जमावयास मित्र गांवांत असले पाहिजेत. खानदेशांतील कितीतरी कुटुंबें कापडाच्या धंद्यांत काम मिळतें म्हणून सुरतेस जाऊन राहिलीं. भुसावळहून जळगांव, अमळनेर, नंदुरबार करीत जाणारी आगगाडी त्यांना तापीच्या दुसऱ्या टोंकाला नेते. तेथें सुट्टीच्या दिवशीं डुमसचा किनारा असतो. त्याची वाळू काळी आहे. कपाशीच्या काळ्या रानांत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटूं नये. डुमसची टमाट्याचीं भजीं प्रसिद्ध आहेत: जाड चकतीवर हिरवी चटणी, वरून बेसन, आणि खारा वारा लागत असतांना तीं कढईंतून गरमागरम पानांत येतात. हिवाळ्यांत सुरतेस पोंकहि मिळतो. पोंक म्हणजे ज्वारीचे कोंवळे, भाजलेले दाणे. शेवेबरोबर ते खावयाचे. हुरडा खाऊन वाढलेल्या खानदेशी माणसाला येथें मोठी गंमत वाटते. समुद्र पाहावयास इतक्या लांब आलें, तों पुढ्यांत यावी ती आपल्याच शेतांतली ज्वारी, केवळ नांव बदलून!

आणि तरीहि, डुमसच्या वाळूंत बसलेल्या चार खानदेश्यांचें बोलणें भज्यांवरून भरतावर यावयास फार वेळ लागत नाहीं. भज्यांत उणें कांहीं नसतें. फक्त तीं दुसऱ्यानें तळलेलीं असतात.

हेंच भरीत आतां जळगांवांत हिवाळाभर तयार मिळतें. दुकानांतून तें किलोच्या मापानें विकलें जातें, आणि डबे भरून तें पुण्या-मुंबईच्या आप्तांकडे रवाना होतें. त्यांत वाईट कांहींच नाहीं. परगांवीं अडकलेल्या मुलाला डब्यांतून आलेला धुराचा वास किती मोलाचा असतो, हें तो डबा उघडणारालाच ठाऊक. पण डब्यांतून भरीत येतें, कच्च्या-फोडणीचा वाद येत नाहीं. आणि जाळापाशीं बसण्याची पाळी कोणाची, हेंहि ठरवावें लागत नाहीं.

वाळवंटहि पूर्वींसारखें राहिलेलें नाहीं. तापीवर भुसावळजवळ हतनूरचें धरण झालें. वाघुरेचेंहि पाणी धरणानें अडविलें. त्या पाण्यावर शेतें पिकतात, गांवांची तहान भागते. त्याबद्दल तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु इमारतींसाठीं नद्यांची वाळू रात्रंदिवस उपसली जाते आणि जेथें पंगती बसत तेथें खड्डे उरतात, याचें समर्थन कोणत्याहि सोईनें होण्यासारखें नाहीं. समुद्राच्या किनाऱ्याची काळजी वाहणारे पुष्कळ असतात. नदीच्या वाळूला पाहुणे नाहींत, म्हणून तिला राखणदारहि नाहीं.

वांग्याला मानांकन मिळालें, त्याचें बीं जपलें जाईल. बडगीहि सुतार करून देईल. राखावयाची राहते ती थोडीशी वाळू, आणि वर्षांतला एक दिवस, ज्या दिवशीं सुरतेहून, पुण्याहून, मुंबईहून चार मित्र आपापलीं कामें बाजूला सारून गांवीं येतील, आणि काट्यांच्या धुरांत डोळे चोळीत, कोणाचें वांगें कच्चें राहिलें यावरून एकमेकांशीं मनसोक्त भांडतील.