ढोल ऐकणारे मूल

पेडणे वा डिचोलीच्या एखाद्या गावात शिगम्याचा ढोल वाजू लागतो. अंगणातील वर्षभराचे मूल चटकन वळून पाहते आणि वडीलधाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. ‘कान तिखट आहेत, याचा आजाही उशिराच बोलला,’ असा निर्वाळा मिळतो. परंतु ढोलाचा नाद कानांवाचूनही अंगाला जाणवतो. श्रवणशक्ती उणावली की बहुधा स, श यांसारखे बारीक ध्वनीच प्रथम हरपतात. शिवाय बधिर अर्भकही आरंभीचे काही महिने इतरांसारखेच हुंकारते. त्यामुळे आईचीही फसगत होते.

यात दोष कोणाचाच नाही. मात्र गेलेला काळ परत मिळत नाही. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. गावाहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची खेप लांबची वाटली, तरी ती टाळू नये. मुंबईत वांद्रे येथेही १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठी आहे.

तथापि श्रवणयंत्र लावले म्हणजे भाषा आली, असे नव्हे. ती घरातच रुजावयाची असते. आईबापांनी मुलासमोर, आपल्या तोंडावर उजेड पडेल असे बसून, घरच्याच कोकणीत वा मराठीत बोलावे. भाकरी थापताना भाकरीचे, पाणी शेंदताना पाण्याचे नाव घ्यावे. खुणांच्या भाषेने वाचा खुंटते, हा समज निराधार आहे. शब्द ओठांवरून मिळो वा बोटांवरून, तो मुलाला वेळेवर मिळाला पाहिजे.