ग्राफिनची कळ आणि बोसांचा वारसा



१८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य विद्युतचुंबकीय लहरींच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. पुढे अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरींवर त्यांनी प्रयोग केले, तेही पारतंत्र्यात, स्वतः घडवलेल्या उपकरणांनी.

याच वाटेने आणखी आखूड लहरींकडे गेले की टेराहर्ट्झचा प्रदेश लागतो. १ टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आंदोलने. या लहरी कापड, कागद व प्लास्टिक यांच्या आरपार जातात. धातू मात्र त्यांना अडवतो. सुरक्षा तपासणी, पदार्थांची ओळख आणि वेगवान संदेशवहन या तिन्ही क्षेत्रांत त्यांचे मोल मोठे आहे.

२००२ साली इटली व ब्रिटनमधील संशोधकांनी टेराहर्ट्झ क्वांटम कॅस्केड लेसर सिद्ध केला. परंतु अखंड तेवणारा किरण संदेश वाहू शकत नाही. त्याचे तेज ठरावीक लयीत कमी-अधिक करावे लागते; हेच मॉड्युलेशन. लेसरला दिलेला विद्युतप्रवाह बदलून ते साधावे, तर तेजाबरोबर वारंवारिताही ढळते. म्हणून स्वतंत्र कळ हवी.

ही कळ ग्राफिनने दिली. गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली मँचेस्टर येथे वेगळा केलेला हा कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. २०१० चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी मिळाले. पापुद्र्यावरील विद्युतदाब बदलला की त्यातील विद्युतभारवाहकांची संख्या बदलते आणि टेराहर्ट्झ किरणांचे शोषण वाढते वा घटते. २०१५ साली सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठातील संशोधकांनी लेसरच्याच चकतीवर ग्राफिन बसवले. विशिष्ट प्रवाहमर्यादेत त्यांनी १०० टक्के मॉड्युलेशन साधले, तेही सेकंदाला १० कोटींहून अधिक वेळा. मार्ग अर्थातच निष्कंटक नाही. हा लेसर थंड ठेवावा लागतो.

यातून भारताने काय घ्यावे? बोस यांना गॅलिना स्फटिकाच्या शोधकासाठी १९०४ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले. पण त्या ज्ञानावर उद्योग उभारण्याचे स्वातंत्र्य व सामर्थ्य तेव्हा देशापाशी नव्हते. आज स्वातंत्र्य आहे. २०२३ साली केंद्र सरकारने ‘भारत ६जी’चे संकल्पपत्रही प्रसिद्ध केले. तथापि, या लेसरमध्ये अर्धवाहकांचे काही नॅनोमीटर जाडीचे शेकडो थर एकावर एक वाढवावे लागतात. ते वाढवणारी यंत्रे, निर्धूळ कक्ष आणि वर्षानुवर्षे तिथे तपश्चर्या करणारे तरुण यांवाचून संकल्प कागदावरच राहतो.

बोसांचा जयजयकार सोपा आहे. त्यांच्यासारखे उपकरण स्वतःच्या हातांनी घडवणे कठीण आहे, आणि स्वदेशीचा खरा अर्थ त्या कठीण कामातच आहे.